विहीर, वाट आणि मोटरीची पेटी

धुडकू आबा कुणाच्याही घरी चहाला बसले, की आधी कप बदलून घेतात. तुम्ही त्यांच्यापुढे ठेवलेला कप ते तुमच्याकडे सरकवतात आणि तुमचा आपल्याकडे ओढतात. "हाऊ तू ले, तो माले दे." एकदा माझी बायको या प्रकाराला इतकी वैतागली, की तिने बिनसाखरेचा कप मुद्दाम माझ्यापुढे ठेवला, म्हणजे तो आपोआप आबांकडे जाईल. त्या दिवशी आबांनी कप बदललाच नाही. मी तो कडू चहा घोट घोट गिळत बसलो आणि आबा मिशी पुसत म्हणाले, "तुनी बायको आज हासी ऱ्हायनी व्हती. मी म्हनं, यामा काहीतरी शे."

'यामा काहीतरी शे.' यात काहीतरी आहे. आबांच्या तोंडचं हे वाक्य आमच्या गावात लहान पोरांनाही पाठ आहे. एसटी वेळेवर आली तर यामा काहीतरी शे. सोयरा गोड बोलला तर यामा काहीतरी शे. कपाशीचं बियाणं पहिल्याच पेरणीत सगळंच्या सगळं उगवलं, तेव्हा अख्ख्या गावाने आनंद केला आणि आबा बांधावर उभं राहून त्या कोवळ्या रोपांकडे चोर पकडल्यासारखे बघत होते.

मी त्यांचा शेजारी. नाव वसंत. पारोळा आणि धरणगावच्या मधे आमचं गाव, आणि गावात माझी पिठाची गिरणी. गिरणीवाल्याला माणसं चांगली कळतात असं म्हणतात, पण आबा मला कधी कळले नाहीत, कारण दळण होईपर्यंत ते माझ्याशी बोलतच नाहीत. त्यांचं सगळं लक्ष पीठ पडतं त्या पत्र्याच्या नळीकडे. गिरणी बंद झाली की त्या नळीवर दोन थापा मारतात, खाली सांडलेली चिमूट उचलून पिशवीत टाकतात आणि मगच तोंड उघडतात. "तुनी गिरनीना पोटमा कितलं ऱ्हास रे वसंता?" मी म्हणतो, आबा, गिरणीच्या पोटात काही राहत नाही. ते मान हलवतात, पण ती मान हो म्हणून हललेली नसते.

त्यांचं नाव धुडकू कसं पडलं तेही सांगतो. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्यावर त्यांना जुन्या रिवाजाप्रमाणे उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणलं. चिंधीसारखं नकोसं नाव ठेवलं म्हणजे यमाचं लक्ष जात नाही, अशी समजूत. आता मला सांगा, ज्या माणसाला आयुष्याच्या पहिल्याच दिवशी घरच्यांनी उकिरडा दाखवला, त्याने पुढे कुणावर भरवसा ठेवायचा?

आबांना तीन मुलं. थोरला भगवान गावातच, पण सडकेवर स्लॅबचं घर बांधून वेगळा राहतो आणि आबांचं शेत तोच कसतो. धाकटा रवींद्र धुळ्याला नोकरीत. मधली मंगला शिंदखेड्याला दिलेली. आबा जुन्या घरात एकटे. बायको, म्हणजे आमच्या काकू, गेल्यापासून स्वतः भाकरी थापतात, कारण भगवानच्या घरून आलेला डबा बंद झाकणाचा असतो आणि बंद झाकणाच्या वस्तूत काहीतरी असतंच.

या भावाभावांचं बोलणं बंद होतं. कारण ऐकाल तर हसाल, पण आमच्याकडे यावरून पिढ्या तुटतात. रवींद्रने धुळ्याला घर बांधलं आणि वास्तुशांतीचं आमंत्रण भगवानला फोनवरून दिलं. दारात येऊन नाही, कपाळाला कुंकू लावून नाही, फोनवर. भगवान गेला नाही. रवींद्र म्हणाला, सख्खा भाऊ असून आला नाही. भगवान म्हणाला, सख्खा भाऊ असून आला नाही. दोघांचं वाक्य एकच आणि दोघंही आपापल्या जागी खरे. मंगला बिचारी एकाकडे गेली की दुसरा तोंड फिरवायचा, म्हणून तिने दोघांकडे जाणं सोडलं. सणावाराला तिघं येत, पण वेगवेगळे. एक येऊन गेल्याची खात्री झाली की मग दुसरा.

मागच्या उन्हाळ्यात आबा गिरणीवर आले. हातात दळण नव्हतं. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

"वसंता, मृत्युपत्र करनं शे. तू साक्षीदार."

मी विचारलं, गावात एवढी माणसं सोडून मीच का? आबा म्हणाले, "तुनावर मना भरोसा नही, हाई बठ्ठा गावले माहीत शे. मंग तू मना बाजूनं खोटं सांगस, असं कोनी म्हननार नही." आता याच्यावर रागवायचं की काय करायचं, ते मला सुचेना. गेलो त्यांच्याबरोबर पारोळ्याला.

पहिलं काम डॉक्टरचं. माणूस शुद्धीत आहे असा दाखला लागतो. डॉक्टरने दंडाला पट्टा बांधायला घेतला तर आबा म्हणाले, "पहिले तुमना हातले बांधा. मशीन बराबर शे का नही, पाहू." डॉक्टरने हसत स्वतःचा रक्तदाब मोजला. तो जरा जास्तच निघाला. आबांनी त्याला मीठ कमी खायला सांगितलं. मग डॉक्टरने विचारलं, "आज वार कोणता, बाबा?" आबा त्याच्याकडे बारीक डोळे करून बघायला लागले. "तुमले माहीत नही का? मंग माले कसाले इचारतस?" डॉक्टरने पुढे काही न विचारता दाखला लिहून दिला.

मग वकील. आबांचं शेत एकच, सलग, नाल्याकाठचं काळं रान, आणि सगळं त्यांनी स्वतः कमावून घेतलेलं. वकिलाला वाटलं, सोपं काम. तीन मुलं, तीन तुकडे, चहा पिऊन मोकळे. आबा सांगत गेले आणि वकिलाचा पेन हळू होत गेला.

सडकेला लागून असलेला वरचा तुकडा भगवानला. म्हणजे शेतात जायची वाट भगवानची. नाल्याकडचा खालचा तुकडा रवींद्रला. विहीर त्याच तुकड्यात, म्हणजे पाणी रवींद्रचं. आणि मधला पट्टा मंगलाला, ज्यात गोठा आहे, विजेचा खांब आहे आणि विहिरीवरची मोटर जिथून चालू-बंद करायची ती लोखंडी पेटी आहे. एकाची वाट, दुसऱ्याची विहीर, तिसरीची पेटी. तिघांपैकी कुणालाही एकट्याने एक सरी भिजवता येणार नाही.

वकील म्हणाला, "आबा, असं कुणी करत नाही. विहीर, वाट, मोटर तिघांत सामाईक लिहू."

"सामाईक नको. एकनी म्हंजे एकनी."

"मग भगवानने पाणी कुठून घ्यायचं?"

"मांगीसन ली."

"आणि रवींद्रने नाही दिलं तर?"

"मंग बोलनं पडी."

वकिलाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. माझ्या मनात आलं, म्हातारा जाता जाता सूड घेतोय. आयुष्यभर पोरांवर संशय घेतला आणि आता मेल्यावरही त्यांना एकमेकांच्या गळ्यात अडकवून जातोय. आणि या कागदावर साक्षीदार म्हणून सही कुणाची, तर माझी. उद्या कोर्टात उभं राहायचं कुणी, तर मी.

कागद टाईप होऊन आला. वकिलाने वाचून दाखवला. आबांचा त्याच्यावर विश्वास नाही. मी वाचला. माझ्यावर तर नाहीच. आबा उठले आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या एका अनोळखी माणसाला आत घेऊन आले. तो एक म्हातारा पिंजारी होता, गाद्या भरणारा, आपल्याच कुठल्या तरी कामाला आलेला. त्याने चष्मा लावून सगळं मोठ्याने वाचलं, कागद खाली ठेवला आणि म्हणाला, "चाचा, बच्चों से दुश्मनी है क्या?"

आबांचा चेहरा खुलला. "बराबर लिखेल शे," असं म्हणून त्यांनी लगेच अंगठा उठवून शेजारी सही ठोकली.

मग वकील म्हणाला, चला, आता लगेच नोंदणी करून टाकू. तर आबा म्हणाले, "आज नही. सोमवारे." का, ते सांगेनात. परत येताना बसमध्ये मला म्हणाले, "कोनले सांगू नको. एक शब्द नही." मी म्हटलं, मला काय पडलंय. पण माझ्या डोक्यात तोच किडा वळवळायला लागला होता. आज का नाही? सोमवारपर्यंत काय होणार आहे?

घरी येऊन बायकोला सांगितलं. आता बायकोला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं होत नाही. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "सही करी उनात? आते तिन्ही जनं आपलाच दारमा उभा ऱ्हातीन."

दुसऱ्याच दिवशी भगवान गिरणीवर हजर. डोळे लाल. "वसंतभाऊ, आबाले कोन शिकाडी ऱ्हायनं? हीर त्याले आनि वाट माले? आयुष्यभर वावर मी कसी ऱ्हायनू. हाई त्या धुयावालानं काम शे." धुयावाला म्हणजे धुळ्याचा, म्हणजे सख्खा भाऊ. त्या संध्याकाळी धुळ्याहून रवींद्रचा फोन. "वसंतभाऊ, खरं सांगा, गावात बसून आबांचे कान कोण भरतंय? मला विहीर देऊन वाट अडवायची, हा डाव कुणाचा, तो मला कळत नाही का?" आणि मंगलाने तर फोनवर सरळ रडायलाच सुरुवात केली. पेटी देऊन आबांनी आपल्याला दोन भावांच्या मधे उभं केलं, आता दोघंही आपल्यालाच शिव्या देतील, असं तिचं म्हणणं.

मी हादरलो. कागद वकिलाच्या कपाटात, तोंड बंद ठेवायचं ठरलेलं, मग तिघांना कळलं कसं? मला वकिलाचा संशय आला. मग त्या पिंजाऱ्याचा. मग, खोटं कशाला सांगू, जेवताना मी बायकोकडेही जरा निरखून पाहिलं. तिने ते ओळखलं आणि भाजी वाढायचा डाव जरा जोरात आपटला. आबांची सवय लागते माणसाला.

रविवारी सकाळी आबा दळण घेऊन आले. गहू, त्यात थोडा मका मिसळलेला. म्हणाले, "बट्टीनं दळी दे. जाडं." वरणाबरोबर खायची बट्टी आमच्याकडे एकट्यासाठी कुणी करत नाही. तो चार माणसांत बसून खायचा पदार्थ. आणि पिशवी चांगली जड होती. मी विचारलं, "आबा, कोण येणार आहे?" ते म्हणाले, "कोनी नही. मना दाना, मनं पोट." आणि त्या दिवशी पहिल्यांदाच नळीवर थापा न मारता, खाली सांडलेलं न उचलता, घाईघाईने पिशवी घेऊन निघून गेले. मी गिरणीच्या दारात उभा राहून त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो. आता तुम्हीच सांगा, यात काहीतरी होतं की नाही?

दुपारच्या आत पहिली मंगला आली, पाठोपाठ रवींद्रची गाडी. सडकेवरून भगवान पायी आला. कुणी कुणाला बोलावलेलं नव्हतं आणि दुसरा येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. दारात एकमेकांना पाहून तिघं जागच्या जागी थबकले. मला साक्षीदार म्हणून ओढून नेलं. आबा ओट्यावर विळी घेऊन वांगी चिरत होते. वर पाहिलंसुद्धा नाही.

भगवान ओट्यावर खांबाला टेकून बसला, रवींद्र खुर्चीत, दोघांची तोंडं दोन दिशांना. मंगला आत पीठ मळायला लागली, कारण कुणीतरी मळायला हवंच होतं.

"मंगला, त्याले इचार, हिरीनं पानी दी का नही," भगवान म्हणाला.

"ताई, आधी त्याला विचार, वाट देणार की नाही," रवींद्र म्हणाला.

मंगला पिठाच्या हातानेच बाहेर आली. "मी काय तुमनी टपाल शे का? तोंडं शेत ना? बोला. नही तं मोटर चालू करनार नही, बसा कोरडा."

आबांची विळी चालूच होती. मग रवींद्रच समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "उन्हाळ्यात विहिरीला पाणी असतं तरी का?"

"तू कवय उना पाहाले? चैतमा तळ दिसस."

"मग गाळ काढायला नको?"

"एकटा मानूस काढी का गाळ?"

"मला सांगायचं ना मग."

"सांगतू," भगवान म्हणाला, "पन तुले काय, फोनवर सांगू का?"

मी मनात म्हटलं, पेटलं आता. पण मंगलाला हसू फुटलं. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि पीठ सगळं पदराला लागलं. रवींद्र खाली मान घालून बसला होता. तसाच बसून हळूच म्हणाला, "ते माझं चुकलं, दादा. त्या दिवसांत घराची धावपळ होती. पण चुकलं."

भगवान उठला, माठातलं पाणी प्यायला आणि येऊन बसला तो खुर्चीच्या जवळ.

तेवढ्यावर सगळं गोड झालं असं समजू नका. जेवताना परत भांडले. गाळ आधी काढायचा की मोटर आधी बदलायची, यावरून चांगली खडाजंगी झाली. पण ते भांडण एका पंगतीत बसून होतं आणि भगवान रवींद्रच्या ताटातल्या बट्ट्या फोडून त्यावर वरण ओतत होता. जेवण झाल्यावर तिघांनी मिळून आबांना धरलं. असला वेड्यासारखा कागद उद्या नोंदवायचा नाही, विहीर-वाट सामाईक करा, असं तिघंही एका सुरात म्हणाले. आबा हात धुवत होते. म्हणाले, "पाहू. बदलनं व्हई तं तिन्ही जनं सामने पाहिजेत. येक बी कमी चालनार नही. पुढला इतवारे या."

तिघं कुरकुरत निघाले. रवींद्रने मंगलाला गाडीत घेतलं, तिला शिंदखेड्यापर्यंत सोडतो म्हणाला. भगवान गाडी वळेपर्यंत मागे उभा राहून, "अजून मांगे ले, अजून," करत होता.

ओट्यावर आम्ही दोघंच उरलो. मी विचारलं, "आबा, हे तिघांना सांगितलं कुणी? मी शपथेवर सांगतो, मी नाही."

"माले माहीत शे. मी सांगं."

"तुम्ही?"

"तिन्हीसले मीच फोन लावा. म्हनं, काही बोलनं व्हई तं इतवारे या. सोमवारे पक्कं व्हई जाई."

आयुष्यभर ज्याने स्वतःच्या डब्याचं झाकण स्वतःवर विश्वास नाही म्हणून पुन्हा उघडून बघितलं, त्याने आपलं मृत्युपत्र स्वतःच फोडलं होतं.

आबा मग आपल्या भावाबद्दल बोलले. माझ्यादेखत पहिल्यांदाच. त्यांचा धाकटा भाऊ हिलाल. त्या दोघांची वाटणी आमच्या गावात अजून नमुना म्हणून सांगतात. याची विहीर याला, त्याची विहीर त्याला. वाटा वेगळ्या. बांध दोरी लावून सरळ. एक शब्द वाकडा झाला नाही. "इतली चोखट वाटनी व्हती वसंता," आबा म्हणाले, "की नंतर त्यानाशी बोलाले काही कामच पडनं नही. तो माले काय मांगी? मी त्याले काय इचारू? बांधना तिकडे तो, इकडे मी. आसाच म्हातारा व्हयनूत. तो आजारी व्हता, हाई बी माले माहीत नही. मरना तवय दुसरा मानूसनी इसन सांगं."

हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. सडकेकडे बघत होते, जिथे आता गाडी नव्हती.

या माणसावर आठवडाभर मी काय काय संशय घेतला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "पण आबा, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावरच उघडायचं असतं. तेव्हा ते तिघं वाटेसाठी, पाण्यासाठी बोललेच असते. आत्ताच कशाला फोडायचं?"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढी साधी गोष्ट या गिरणीवाल्याला कळू नये.

"मी मरनू, मंग त्या बोलनात," ते म्हणाले, "तं माले कोठे ऐकू यी?"